प्राचीच्या गाण्याला मुरबाडला गेलो त्याची हकिगत

सापगावहून मुरबाड म्हणजे काही काशी नव्हे. सकाळची भाकरी खाऊन निघालं तर दुपारच्या भाकरीला परत घरी. बैल विकायला, बियाणं आणायला, कोणाच्या बाराव्याला असा मी त्या रस्त्यानं इतक्यांदा गेलोय की तिथले खड्डे मला तोंडानं ओळखतात. तरी हे प्रवासवर्णन लिहायला बसलोय, कारण या खेपेला ज्या मुरबाडला गेलो ते मी आधी पाहिलेलं नव्हतं. त्या मुरबाडात गाण्याची स्पर्धा असते. शास्त्रीय. लहान लहान पोरं मांडी घालून बसतात, मोठी माणसं त्यांना मार्क देतात, आणि बाकी कोणी हलायचं नाही. तुमच्यातले बरेच जण तिकडे गेले नसतील. माझी बायको असती तर मीही गेलो नसतो.

बायकोचं नाव जानकी. ती होती तोवर मी तिचं नाव कधी घेतलं नाही, नुसतं 'अगो' म्हटलं की काम भागायचं. दिवाळीच्या तोंडावर ती गेली. आता हाक मारून उपयोग नाही, तर नाव तरी घ्यावं म्हणतो.

आमची नात प्राची सातवीत आहे. ती शहापूरला एका बाईंकडे गाणं शिकते. तिला क्लासला नेणं-आणणं जानकीकडे होतं. क्लासच्या ओटीवर बसून तिनं एवढे वाल सोलले की एका लग्नाची पंगत उठली असती. रागबिग तिला काही कळत नव्हता. पण पोरीचा आवाज वर चढला की हिची मान हलायची, आणि पोरीला त्या मानेची सवय झाली. पावसाळ्यात शहापूरला स्पर्धेची पहिली फेरी झाली तेव्हाही जानकी पुढे बसून मान हलवत होती. प्राची निवडली गेली. शेवटची फेरी पौषात, मुरबाडला. मधल्या वेळात मान हलवणारी गेली.

तेव्हापासून पोर गाते आणि मध्येच अडकते. त्या गाण्याचे दोन भाग असतात. पहिला भाग खालीच फिरतो, घराच्या आसपास. दुसरा वर चढतो, त्याला अंतरा म्हणतात. हे मला बाईंनी सांगितलं, मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. प्राची अंतऱ्यापाशी येते, समोर बघते आणि थांबते. घरीही तेच, क्लासलाही तेच. शेवटी एक दिवस पेटी बंद करून तिनं सगळ्यांना ऐकवलं.

"मुरबाडला जमलं तर जमलं. नाय जमलं तर मी क्लास सोडणार. मंग मला कोनी समजवायचं नाय."

पोराची कंपनीत शिफ्ट, सुनेचे दिवस भरत आलेले. राहिलो मी. बाईंनी मला ओटीवर बोलावून घेतलं.

"बाबा, तुम्ही पहिल्या रांगेत बसा. तिचा आवाज वर गेला की नुसती मान हलवा. बाकी काही करू नका."

"बाई, मान हलवायला मला नका शिकवू. आमचा संसार त्याच्यावरच चालला."

घरी तालीम केली. प्राची गायला बसली, मी समोर. थोड्या वेळानं तिनं मला हलवून जागं केलं.

"आजोबा, तुमची मान हालतंय, पण तुमी घोरताव."

अशा तयारीनं आम्ही निघालो.

सापगाव ते सरळगाव

स्पर्धा रविवारी सकाळी होती. म्हणून शनिवारीच टोकावड्याला जानकीच्या धाकट्या बहिणीकडे मुक्काम करायचा आणि सकाळी उठून मुरबाड गाठायचं असं ठरलं. सामान फार नव्हतं. पोरीचा एक ड्रेस, माझं धोतर, आणि तंबोऱ्याचा डबा. पूर्वी तंबोरा भोपळ्याचा असायचा म्हणे, माणसाएवढा. आता रेडिओएवढा डबा मिळतो, बटण दाबलं की आपला आपण वाजत बसतो. सेलवर चालतो. तो माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता.

भातसेचा पूल ओलांडला, गाडी किन्हवलीच्या दिशेला लागली, आणि कुठून तरी 'घूंऽऽ' असा आवाज यायला लागला. आधी मला वाटलं माझ्या कानात आहे. या वयात कानात काहीही वाजतं. मग पुढच्या माणसानं मागं वळून पाहिलं. मग कंडक्टरनं. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, खाली उतरून बोनेट उघडलं, इंजिन बंद केलं. इंजिन बंद झालं तरी आवाज चालूच. आता सगळी गाडी एकमेकांकडे बघायला लागली.

"आजोबा," प्राची दातओठ खात म्हणाली, "तुमचं कोपर."

माझं कोपर बटणावर होतं. मी पिशवीत हात घालून चाचपायला लागलो तर भलतंच बटण दाबलं गेलं आणि आवाज आणखी वर चढला. कंडक्टर माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"काय हाय त्यात?"

"तंबोरा."

"तंबोऱ्याचं तिकीट काढलांव?"

"मांडीवर बसलाय. मांडीवरच्याला तिकीट नाय."

गाडीत हशा झाला. शेजारच्या बाकावर पाड्यावरची एक म्हातारी बोरांची पाटी घेऊन बसली होती. मी डबा बंद केला तशी ती म्हणाली, "राहू दे रं बाबा. बरा वाटत होता." मग प्राचीनं स्वतःच तो हळू आवाजात लावला आणि सरळगाव येईपर्यंत आमची गाडी तंबोऱ्यावर चालली. म्हातारीनं उतरताना पोरीच्या ओंजळीत बोरं घातली. पोरीनं ती मला दिली. गाण्याच्या आदल्या दिवशी आंबट खायचं नसतं. मी खाल्ली. मला कुठं गायचं होतं.

टोकावडे

सरळगावला गाडी बदलून टोकावड्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिथून माळशेजचे डोंगर इतके जवळ दिसतात की कोणीतरी अंगणात आणून ठेवल्यासारखे. मेहुणीचं नाव अनसूया. तिनं दारातच मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दाजी, सुकलाव तुमी. घरी भाकरी करतंय का नाय कोन?"

"सून चपाती करते."

"मंग सुकनारच."

तिनं तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या. वालाचं बिरडं, सुक्या जवळ्याची चटणी, वर कैरीचं लोणचं. मी पुढ्यातलं सगळं संपवलं आणि आणखी मागितलं. एक सांगून ठेवतो. मागून बघितली तर अनसूया तंतोतंत जानकी दिसते. वाकायची रीत तीच, पदर खोचायची रीत तीच. मी चुलीकडे पाठ करून जेवलो. अनसूयाला वाटलं मला धूर लागतोय, तिनं फुंकणी घेऊन चूल पेटती केली.

प्राचीचा मात्र उपास पडायची वेळ. चटणी नको, लोणचं नको, ताक नको, तळलेलं नको.

"मंग खातंस काय गो तू? वारा?"

"गळा सांभाळायला लागतो, मावशीआजी."

गावच्या ज्या भजनी मंडळात मी टाळ वाजवतो तिथं असला काही प्रकार नाही. बुवा मटण खाऊन येतो आणि सकाळपर्यंत गातो, गळा आपोआप सांभाळला जातो. इथं पोरीनं वरण-भाकरी खाल्ली आणि मोरीत जाऊन मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लागली. त्या आवाजानं अनसूयाच्या कोंबड्या खुराड्यात शिरेनात. एकेकीला धरून आत टाकावी लागली.

मग अनसूयानं तिला गायला लावलं. अंगणात चटई टाकली, डबा लावला. प्राचीनं पहिला भाग म्हटला. बोल हिंदीसारखे, पण हिंदी नव्हेत. कोणी एक बाई घागर घेऊन नदीवर निघालीय आणि वाटेत तिला कोणीतरी अडवलंय, एवढं मला प्राचीनं पूर्वी समजावलं होतं. ती पुन्हा पुन्हा निघत होती आणि पुन्हा पुन्हा अडत होती. अनसूया हनुवटीला हात लावून ऐकत होती. पहिला भाग संपला आणि पोर थांबली. डबा वाजत राहिला.

"एवढाच काय गो?"

"पुढचं उद्या," प्राची म्हणाली आणि डबा बंद केला.

"ती बाई अजून पानी घेऊन आलीच नाय," अनसूया मला म्हणाली. "माझी सून अशी असती तर आमी तहानेनं मेलो असतो."

मी हसलो. प्राचीही हसली, पण तिनं चटई गुंडाळायला घेतली होती.

मुरबाड

स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात होती. दारात रांगोळी, आत सतरंजीचं स्टेज, त्यावर पेटी आणि तबला. आमच्याकडे भजनाची बारी असली की लोक आधी चहाची चौकशी करतात, मग तंबाखूची, मग गाणं कोणाचं आहे ते विचारतात. इथं सगळे आधीच गप्प. दाराशीच एक बाई सांगत होत्या, "मोबाईल बंद ठेवा, मध्ये उठू नका, टाळ्या गाणं संपल्यावर." आमच्याकडे मध्ये टाळी दिली नाही तर गाणारा विचारतो, काय, झोपलाव का?

पोरं मात्र मजेशीर. एवढ्या एवढ्या पोरी साड्या नेसून आलेल्या, आया मागून निऱ्या धरून चाललेल्या. एक पोरगा झब्ब्यात हात लपवून शेंगदाणे खात होता. प्रत्येक जण आत जाताना पेटीवाल्याच्या कानात सांगायचा, "काळी दोन", "पांढरी चार". मी प्राचीला विचारलं, हे काय, गाईचा रंग सांगतात का? ती म्हणाली पेटीची पट्टी, कुठून सूर लावायचा ते सांगायचं असतं. एका आईनं पोराला दारात धरून शेवटचं बजावलं, "घाई करू नको, तोंड उघड, आणि नाक पुसून जा." तिन्ही गोष्टी कामाच्या होत्या. आमच्या बुवालाही कोणी सांगायला हव्या होत्या.

मी जाऊन पहिल्या रांगेत मधोमध बसलो. मानेचे दोन-तीन झटके देऊन पाहिले. तेवढ्यात छातीला बिल्ला लावलेला एक माणूस आला.

"काका, ही रांग पाहुण्यांसाठी राखीव आहे. मागं बसा."

"मला इथंच बसायचंय. माझ्या मानेचं काम आहे."

"मान घेऊन मागं बसा, काका."

मी त्याला सगळं समजावून सांगायला गेलो. पण बायको मेली, पोर अडकते, मान हलवायची आहे, हे असं घाईत उभ्या उभ्या सांगितलं तर कोणालाही वेडा वाटेल. त्यालाही वाटलो. त्यानं मला दंडाला धरून मागच्या रांगेत नेऊन बसवलं. प्राची तेव्हा आत पट्टी सांगायच्या रांगेत होती. तिला हे कळलंच नाही.

माझ्या पुढ्यात एक ताडमाड माणूस येऊन बसला. आणि मागून खांद्यावर थाप पडली. आमच्या भजनी मंडळाचा दामूबुवा, बरोबर मंडळातले आणखी तिघं. म्हसा गावच्या जत्रेला बैल बघायला निघाले होते, वाटेत प्राचीचं गाणं ऐकायला उतरले. दामूचा आवाज असा की तो कानात बोलला तरी रस्त्यापलीकडं ऐकू जातं.

"पोरीचा नंबर झाला काय रं?"

सगळी रांग मागं वळली. मी त्याला खाली बसवलं.

दोन-चार पोरं गाऊन गेली. दामूला तबला आवडला. "हात चांगला हाय पोराचा. पन ठेका हळू. जेवला नाय वाटतं." मी त्याच्या मांडीवर चापटी मारली. एका लहान पोरीनं मोठा सूर धरला, धरता धरता तिला जांभई आली, तर तिनं सूर आणि जांभई दोन्ही एकदमच सोडले. दामूनं "वा" म्हटलं. पुढच्या ताडमाड माणसानं वळून त्याच्याकडे पाहिलं.

मग प्राचीचं नाव पुकारलं.

ती बसली. डबा लावला. भूप नावाचा राग, ऐकायला सकाळच्या उन्हासारखा, तसा तो रात्रीचा आहे म्हणतात. पहिला भाग तिनं चांगला म्हटला. इतका चांगला की दामू चुळबुळ करायचा थांबला. तबल्यानं वेग घेतला. आवाज वर निघाला, आणि तिनं पहिल्या रांगेकडे पाहिलं.

तिथं पाहुण्यांच्या मधोमध एक खुर्ची रिकामी होती. माझीच, मघाशी मला उठवलेली. तिच्यावर कोणाची तरी पर्स ठेवलेली होती.

पोर थांबली.

मी मागं मान हलवत होतो. मानच काय, सगळा हलत होतो. पण ताडमाड माणसापलीकडे ते जाणार कसं? तबला चालूच होता. पेटीवाल्यानं ओळ हळूच वाजवून दिली. ठेका एक फेरा मारून आला. पोर त्या खुर्चीकडे बघतेय. आणखी एक फेरा. सभागृहात नुसती पंख्याची खरखर. गेलं, म्हटलं. क्लास गेला, पेटी माळ्यावर गेली.

आता आमच्या भजनाची रीत सांगायला हवी. बुवा ओळ टाकतो आणि मागचे ती उचलतात. बुवाला ठसका लागला, ओळ विसरली, डोळ्यात पाणी आलं, काहीही झालं तरी मागच्यांनी ओळ खाली पडू द्यायची नाही. तो सावरेपर्यंत फिरवत ठेवायची. हे कोणी शिकवत नाही. लहानपणापासून देवळात बसून बसून ते अंगात जातं, जसं ठेच लागली की हात पुढं येतो.

दामूनं उचललं.

बसल्या जागी, छाती भरून, त्या घागरवाल्या बाईची पहिली ओळ त्यानं अशी सोडली की पाहुण्यांच्या रांगेत कोणाची तरी चहाची बशी खाली पडली. त्याच्या मागोमाग तिघांनी उचलली, टाळ्यांसकट. आणि मीसुद्धा. जानकी मला म्हणायची, तुमी टाळ वाजवा, तोंड नको. त्या दिवशी तोंड आपोआप उघडलं. तबल्यावरचा पोरगा आमच्याच बाजूचा असणार. टाळ्या ऐकल्या आणि त्याचा हात असा मोकळा सुटला की आता जेवून आला म्हणावं. बिल्ल्यावाला माणूस दोन्ही हात पसरून आमच्याकडे धावत येत होता.

प्राचीनं आमच्याकडे पाहिलं. तिचं तोंड एवढंसं झालं. मग तिनं डोळे मिटले आणि अंतरा घेतला.

आम्ही गप्प झालो. कोणाला गप्प करावं लागलं नाही. ती वर गेली आणि वरच राहिली, खाली आली, पुन्हा गेली. पार शेवटपर्यंत गायली. मला त्यातलं काही कळलं नाही आणि मी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. दामूनंही पुसले, पण तो कुठेही पुसतो.

परीक्षक दोन होते. एक म्हातारे गृहस्थ, त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. दुसऱ्या एक बाई होत्या, त्यांनी माईक घेतला.

"ही एकल गायनाची स्पर्धा आहे. सापगावच्या मुलीला श्रोत्यांतून साथ झाली. नियमाप्रमाणे तिला स्पर्धेतून बाद करावं लागतंय."

दामू उभा राहिला. "बाय, पोर थांबली. आमी उचललं. मानसानं मंग नुसतं बघत बसायचं काय?"

"हो," त्या बाई म्हणाल्या. रागावून नव्हे, अगदी साधेपणानं. "बघतच बसायचं असतं."

दामू आपण होऊन खाली बसला. हे मी पहिल्यांदा पाहिलं.

नंतर त्या बाई खाली येऊन प्राचीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अंतरा सुरेख घेतलास. फक्त तो तू एकटीनं घेतला असतास की नाही, ते आता मला सांगता येणार नाही." पोरीनं त्यांना वाकून नमस्कार केला. माझ्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

म्हसा

दामूच्या पुतण्याच्या गाडीतून आम्ही म्हशाला गेलो. वाटेत दामू तिला समजवत होता. "नंबराचं काय एवढं? गायलीस ना? सगली गायलीस." पोर खिडकीबाहेर बघत होती. मी मनातून खूश होतो, खोटं कशाला बोलू. नंबर गेला तर गेला, अडकलेलं सुटलं, असा माझा हिशेब.

जत्रा भरात होती. पाळणे, घोंगड्यांचे ढीग, कढयांतून निघणारी भजी, आणि पलीकडे बैलांचा बाजार. दामूनं पोरीला बांगड्या घेतो म्हटलं, नको. गोडीशेव घेतो म्हटलं, नको. पाळण्यात बसवतो म्हटलं, नको. शेवटी तो स्वतःच मंडळातल्या तिघांना घेऊन पाळण्यात बसला आणि वरून ओरडायला लागला. मी आणि प्राची बैलांकडे गेलो. शिंगं रंगवलेली खिल्लारी जोडी होती एक, तिच्यासमोर उभे राहिलो.

"तुमी का गायलाव?" तिनं विचारलं.

"तू थांबलीस म्हणून."

"थांबले व्हते. विसरले नव्हते."

"मग काय करत होतीस?"

ती बैलाच्या शिंगाचा रंग नखानं खरवडायला लागली. बैलवाल्याला वाटलं गिऱ्हाईक आहे, त्यानं बैलाचं तोंड उघडून मला दात दाखवले.

"ती खुर्ची रिकामी व्हती ना. मला वाटलं, आजी बसेल तिथं. बसनार नाय ते मला पन ठाऊक हाय. पन बघत व्हते. एक फेरा बघू, दुसरा बघू. तिसऱ्याला मी घेनारच व्हते."

"नक्की?"

"आता कसं सांगू? तुमी सांगायलाच दिलं नाय."

बैलवाला म्हणाला, सहा दाती आहे, बघा. मी बघत राहिलो. दातांत मला काही दिसत नव्हतं.

जानकी गेल्यापासून माझंही तेच चाललंय. मी जरा कुठं थांबलो की कोणीतरी ओळ उचलतो. ओटीवर बसलो की सून म्हणते, बाबा, चहा ठेवू? भिंतीकडे बघत बसलो की पोरगा टीव्ही लावतो. दामू तर रोज संध्याकाळी येऊन मला उठवून देवळात नेतो. माणसं चांगली आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण मला कधी कधी नुसतं थांबायचं असतं. तिच्याकडे बघत. दोन फेरे, तीन फेरे. पुढं घेईन की मी माझं. हे मला कळत होतं, आणि तरी भर सभागृहात मी पोरीच्या अंगावर ओरडलो.

"मग क्लास सोडणार?" मी विचारलं.

"नाय."

"पुढल्या साली परत मुरबाड?"

"व्हय. बक्षीस घेऊन येनार."

"मी येऊ?"

तिनं मला अनसूयानं पाहिलं तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"या. पन आधी गप्प बसायला शिका."

मग तिनं माझ्याकडून गोडीशेव घेतली. दामूकडून नाही. दामूला तिनं जाताना गाडीतही एक कण दिला नाही, आणि तो सापगाव येईपर्यंत मान मागं वळवून पुडीकडे बघत होता.

शहापूर

आता दर रविवारी प्राचीला क्लासला मी नेतो. पहिल्या रविवारी बाईंनी विचारलं, "बाबा, ओटीवर बसता की आत?"

"आत. मला पण शिकायचंय."

"काय शिकायचंय?"

"गप्प बसायचं."

बाई हसल्या, पण त्यांनी मला पोरांच्या मागं सतरंजीवर जागा दिली. मांडी घालता येत नाही म्हणून पाय पसरून बसतो. पोरं मला 'नवीन मुलगा' म्हणतात. बोटांच्या पेरांवर ताल मोजायचा, आवाज करायचा नाही, एवढंच माझं काम. दामू एकदा बरोबर आला होता. दुसऱ्याच गाण्यात त्यानं ओळ उचलली आणि बाईंनी त्याला चहा देऊन बाहेर बसवलं.

परवाच्या रविवारी प्राची तोच भूप गायला बसली. पहिला भाग झाला, आवाज वर निघाला, आणि ती थांबली. समोर बघत होती, माझ्याकडे नव्हे, माझ्या शेजारच्या मोकळ्या सतरंजीकडे. यंत्रावर तबला चालू. एक फेरा फिरला. ओळ माझ्या घशातून वर येऊन दातांच्या आत उभी राहिली. मी दोन्ही हातांनी गुडघे धरले. बाई बोटांवर मात्रा मोजत होत्या. दुसरा फेरा फिरला. पोरं माझ्याकडे बघायला लागली, कारण मी बहुतेक लाल झालो होतो. तिसरा फेरा निम्मा गेला आणि मला वाटलं आता काही खरं नाही.

प्राचीनं अंतरा घेतला.

गाणं संपल्यावर बाई मला म्हणाल्या, "बाबा, एवढा घाम कसला आलाय?"

मी म्हटलं, "पंखा लावा."

पोरं स्वेटर घालून बसली होती, तरी त्यांनी लावला.